मण्याचं मायलेज

"नव्व्याण्णव पूर्णांक नऊ!"

दातांच्या डॉक्टरांनी स्वतःच्या गाडीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून आकडा ओरडून सांगितला आणि गॅरेजमागच्या आवारात जमलेल्या दोनेकशे माणसांच्या तोंडून एकदम "आहाहा!" निघालं. मागच्यांनी पुढच्यांच्या खांद्यांवर हात टेकून टाचा उंचावल्या. बेकरीवाला सगळ्यांना ढकलत खिडकीशी पोचला, आत मुंडकं घालून त्याने पडद्यावरचा आकडा स्वतः वाचला आणि बाहेर येऊन साक्ष दिली, "लिटरला नव्व्याण्णव पूर्णांक नऊ किलोमीटर! काल हीच गाडी माझ्या दुकानासमोर उभी होती, तेव्हा एकोणीस दाखवत होती. या डोळ्यांनी बघितलंय!"

"काल मणी नव्हता," खुर्चीवर बसलेले बाबा मंद हसून म्हणाले.

त्यांना समोर सगळे नुसतं 'बाबा' म्हणत आणि पाठीमागे, पण तितक्याच भक्तीने, 'मायलेजबाबा'. अंगात राखाडी कोट, दाढी नीट कातरलेली, आवाज मऊ. देवाचं नाव ते कधी घेत नसत. त्यांचं सगळं काम ऊर्जेवर चाले.

"तुम्ही म्हणता गाडीला जीव नसतो," बाबा बोलू लागले. "मग थंडीत ती कुरकुरते का? उतारावर खूश का होते? अहो, तिच्यात दोन शक्ती नांदतात. एक विजेची, एक पेट्रोलची. दोन भाऊ एका घरात, मग भांडणं व्हायचीच! हा मणी त्या दोघांत समेट घडवतो. मी काहीच करत नाही. स्पंदनं करतात."

"कुठली स्पंदनं?" मागून कोणीतरी विचारलं.

"सूक्ष्म," बाबा म्हणाले. सूक्ष्म म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही, हा जगाचा अनुभव आहे.

एवढ्या गर्दीत एकच माणूस त्या आकड्याकडे बघत नव्हता. तो गाडीच्या उघड्या बॉनेटपाशी, हातात दहा नंबरचा पाना घेऊन, मान खाली घालून उभा होता. तो गॅरेजचा मालक, वस्तीचा मिस्त्री. नव्व्याण्णव पूर्णांक नऊ कुठून आले हे त्याला चांगलं ठाऊक होतं. ते त्याच्याच हातांनी आले होते.

या गाड्या अर्ध्या विजेच्या, अर्ध्या पेट्रोलच्या. रात्री घरी वायर लावून चार्ज करायची, सकाळी वीज पुरेल तोवर विजेवर चालवायची. वीज संपली की पेट्रोलचं इंजिन आपोआप सुरू होतं. तीन-चार वर्षांत वस्तीत अशा गाड्या घरोघर झाल्या आणि त्यांच्याबरोबर एक नवा छंद आला. लिटरला किती पडले ते पडद्यावर बघायचं आणि सकाळी शेजाऱ्याला सांगायचं. पूर्वी लोक मुलांचे मार्क सांगत, आता गाडीचे सांगू लागले. हिवाळ्यात सगळ्यांचेच मार्क घसरत आणि सगळेच मिस्त्रीवर खेकसत. "काय केलंस रे सर्व्हिसिंगमध्ये? वीस दाखवतेय!" मिस्त्रीने थंडीचं कारण सांगितलं तर म्हणत, "कारणं नको देऊस."

अशाच एका सरत्या हिवाळ्यात बाबांचा पट्टशिष्य गाडी घेऊन गॅरेजात आला होता. हा गृहस्थ पूर्वी पाण्याचे फिल्टर विकायचा. गाडीची छोटी बॅटरी बसली होती. मिस्त्रीने बॅटरीच्या तारेचं टर्मिनल काढलं, नवी बॅटरी बसवली, टर्मिनल घट्ट केलं आणि गाडी आवारात एक चक्कर फिरवून आणली. शिष्य पडद्याकडे बघतच राहिला.

"हे नव्व्याण्णव कसे झाले हो?"

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मिस्त्रीला खेकसून नाही, तर कुतूहलाने विचारलं होतं. मग काय, गडी खुलला. म्हणाला, "टर्मिनल काढलं की या गाडीची सगळी जुनी आठवण पुसली जाते. पाटी कोरी. मोठ्या बॅटरीत वीज होती, म्हणून चक्कर झाली विजेवर. पेट्रोल जळलं शून्य. शून्याने भागणार काय? मग बिचारा पडदा त्याच्याजवळचा सगळ्यात मोठा आकडा दाखवतो."

शिष्याने चहा मागवला. चहाबरोबर मिस्त्रीने बाकीचंही सांगून टाकलं. टायरमधली हवा थंडीत उतरते, ती भरून घ्यावी. वायर लावलेली असतानाच गाडी दहा मिनिटं आतून गरम करून घ्यावी, म्हणजे ती ऊब भिंतीतल्या विजेवर होते, बॅटरीतल्या नाही. पाय हलका ठेवावा. जवळच्या फेऱ्या विजेवरच माराव्यात. आणि शेवटी म्हणाला, "हीटर बंद ठेवला तर आकडा अजून वाढतो. पण काचेवर वाफ धरते, गारठ्यात ती गोठते, समोरचं दिसत नाही. म्हणून हे मी कोणाला सांगत नाही."

तीन आठवड्यांनी बाबा अवतरले. तांब्याच्या तारेत ओवलेला निळा काचमणी. तो टर्मिनलभोवती गुंडाळून बांधायचा. त्यासाठी अर्थातच टर्मिनल काढायचं. सोबत पथ्य: चाकांमध्ये प्राणवायू पूर्ण असावा. निघण्याआधी, नाळ तुटण्यापूर्वी, गाडीच्या उबेत दहा मिनिटं मौन बसावं. पायात क्रोध नसावा. पहिले एक्केचाळीस दिवस लांबचा प्रवास वर्ज्य.

मिस्त्रीने ते ऐकलं तेव्हा त्याला हसू फुटलं. नाळ म्हणजे चार्जिंगची वायर! त्याचंच बोलणं, फक्त भगवं कव्हर घालून परत आलं होतं. गॅरेजात सांगायला मस्त किस्सा झाला, असं त्याला वाटलं. मग शिष्य म्हणाला, "मणी बांधायला तुमचाच हात हवा, मिस्त्री. बाबा म्हणाले, या हाताला गुण आहे."

किस्सा सांगायचा राहून गेला.

त्याचं कारण मजुरी नव्हती. मजुरी तो नेहमीचीच घेई. पण कालपर्यंत 'ए मिस्त्री' म्हणणारे लोक आता 'मिस्त्रीसाहेब' म्हणू लागले. दातांच्या डॉक्टरांनी हात मिळवला, तोही तेलकट हात. बेकरीवाला गरम पाव पाठवू लागला. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती उघडायचं मिस्त्रीच्या जिवावर आलं. गेल्या तीन रविवारी त्याने चाळीस गाड्यांना मणी बांधले होते. डॉक्टरांची एक्केचाळिसावी.

बेचाळिसावी गाडी त्याच्या सख्ख्या थोरल्या बहिणीची होती.

ताई घरोघर जाऊन आजाऱ्यांची शुश्रूषा करणारी नर्स. कोणाची जखम बांध, कोणाला इन्सुलिन दे, बाळंतिणीकडे बघ. दिवसाला पंधरा घरं. तिची गाडी म्हणजे तिचे पाय. आई गेल्यापासून धाकट्या भावाचा डबाही तिनेच बांधला आणि कानही तिनेच पिळले. भोळी म्हणावी अशी ती मुळीच नव्हती. मिस्त्रीला बाजूला घेऊन तिने सरळ विचारलं, "धाकल्या, माझ्या सगळ्या पेशंटांनी डोकं खाल्लंय. मणी बांध म्हणतात. तू गाड्यांमधलं जाणतोस. खरं आहे का रे हे?"

मिस्त्रीने पान्याकडे बघितलं. चार पावलांवर बाबा बसले होते, शिष्य कान टवकारून उभा होता, डॉक्टर अजून हात चोळत होते.

"लावून बघ की," तो म्हणाला. "नुकसान काय?"

ताई त्याच्या तोंडाकडे क्षणभर बघत राहिली. मग म्हणाली, "तू म्हणतोस तर लाव." मिस्त्रीने पाना फिरवला.

पुढे वसंत आला आणि बाबांचा जयजयकार झाला. हवा उबदार झाली तशा बॅटऱ्या मोकळ्या झाल्या, हीटर आपोआप बंद झाले, इंजिनं गप्प बसली. वीसवर रडणाऱ्या गाड्या पंचेचाळीस, पन्नास देऊ लागल्या. दर वसंतात देत होत्या. पण मागच्या वसंतात कोणी आकडा लिहून ठेवला होता? कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, आणि लोकांनी कावळ्यालाच कुऱ्हाडीचं श्रेय दिलं. उन्हाळ्यात एसीने आकडा थोडा उतरला, तेव्हा बाबा म्हणाले, "गाडीला उष्णता झालीय." पटलं. पानगळीत पुन्हा चढला. तेही पटलं.

मग हिवाळा आला. यंदाचा जरा जास्तच कडक होता. पंचेचाळीसचे पस्तीस झाले, पस्तीसचे बावीस. चार्जिंग पूर्ण असूनही सकाळी गाडी सुरू करताच पेट्रोलचं इंजिन घरघरू लागलं, कारण आतल्या माणसाला ऊब हवी होती आणि ती ऊब एकटी बॅटरी पुरवेना. लोक घाबरून बाबांकडे धावले. बाबांनी डोळे मिटले.

"मणी तोच आहे," ते म्हणाले. "तुम्ही तेच आहात का? तुमच्या मनात किंतू शिरलाय. थंडी ही श्रद्धेची कसोटी असते. आता पुढचं पथ्य. उष्णतेचा मोह सोडा. गाडीत ऊब मागू नका. तुम्ही सोसा, म्हणजे ती देईल."

मिस्त्री तिथेच होता. त्याने शिष्याकडे बघितलं, शिष्याने नजर चुकवली. त्याचं वाक्य अर्धंच घेतलं होतं. हीटर बंद ठेवला तर आकडा वाढतो, एवढंच. काचेचं अर्धं चहाच्या कपातच राहिलं होतं.

आकडा वाढला! बावीसचे अठ्ठावीस झाले. वस्तीतली मोठमोठी माणसं गाडीत टोप्या, हातमोजे आणि घोंगड्या घेऊन बसू लागली. सर्दीने सगळे हैराण, पण चेहऱ्यावर तेज. मिस्त्री मात्र स्वतःच्या गाडीत हीटर लावून फिरे आणि कोणी ओळखीचं दिसलं की काच खाली करी, म्हणजे आपणही गारठ्यात आहोत असं दिसावं. खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं त्याचं झालं होतं. एके सकाळी चौकात ताईची गाडी शेजारी येऊन थांबली. दोन स्वेटर घालून ती बसली होती आणि फडक्याने आतून काच पुसत होती. तिने हसून हात केला. सिग्नल सुटला. आज संध्याकाळी सांगून टाकू, असं त्याने ठरवलं. संध्याकाळी तीन गाड्या आल्या. उद्या सांगू, असं ठरवलं.

उद्या सकाळी सव्वासातला फोन आला.

नदीवरच्या पुलाशी रस्ता वळतो, तिथे ताईला वळण दिसलंच नव्हतं. तिच्याच श्वासाची वाफ काचेवर गोठून पांढरी झाली होती. एका हाताने काच पुसता पुसता दुसऱ्या हाताने तिने स्टिअरिंग वळवलं, तोवर कठडा आला. कठडा मजबूत होता म्हणून गाडी नदीत गेली नाही. ताईचं उजवं मनगट तीन ठिकाणी मोडलं. ती ज्या आजोबांना इन्सुलिन द्यायला निघाली होती, ते दुपारपर्यंत खिडकीत वाट बघत बसले.

दवाखान्यात मिस्त्री तिच्या पलंगापाशी उभा राहिला. बसायची त्याची हिंमत झाली नाही. हाडांचे डॉक्टर नुकतेच सांगून गेले होते की हाड जुळेल, पण मनगट पूर्वीसारखं वळेलच असं नाही. आणि ताईचं वळणारं मनगट म्हणजे काय, हे ज्यांना तिने इंजेक्शन दिलंय त्यांना विचारावं. सुई टोचली कधी, ते कळायचं नाही.

"धाकल्या," ती क्षीण आवाजात म्हणाली, "माझ्या मनात किंतू होता रे. आज सकाळी दोनदा हीटरच्या बटणाकडे हात गेला माझा. बाबा म्हणतात ते खोटं नाही."

हे ऐकल्यावर मिस्त्रीला राहवलं नाही. टर्मिनल, कोरी पाटी, शिष्याचा चहा, अर्धं वाक्य, त्याने सगळं सांगितलं. बोलताना त्याला रडू येत होतं आणि रडण्याचीही लाज वाटत होती, कारण हात तिचा मोडला होता.

ताईने शेवटपर्यंत ऐकलं. मग एकच विचारलं, "मी तुला विचारलं त्या दिवशी तुला ठाऊक होतं?"

"हो."

तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. बाहेर कोणाची तरी ढकलगाडी खडखडत गेली. शेवटी भिंतीकडे बघतच ती म्हणाली, "हीटरचं आजच्या आज सगळ्यांना सांग. एकेका दारात जाऊन. आणि माझ्या कपाटाच्या दाराला आतून दोन तक्ते चिकटवलेत, ते काढून आण. फाडू नकोस."

मिस्त्री दारोदार गेला. "हीटर लावा, काच स्वच्छ ठेवा," म्हणून हात जोडले. काहींनी ऐकलं. पुष्कळांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "बहिणीचं बघून हळवा झालास रे." बेकरीवाला तर म्हणाला, "मिस्त्रीसाहेब, तुमची श्रद्धा डळमळली की काय?" आपणच लावलेलं झाड आपल्याला उपटता येईना.

थंडी ओसरू लागली. बाबांच्या कृपेला वर्ष झालं म्हणून त्याच आवारात मोठा कार्यक्रम ठरला. नवे मणी, नव्या गाड्या, तिप्पट गर्दी. शिष्याला मिस्त्रीची जरा धाकधूक होती, पण जागा त्याची आणि हातही त्याचाच. मिस्त्री निमूटपणे पाना घेऊन उभा राहिला, तेव्हा शिष्याचा जीव भांड्यात पडला.

पहिली गाडी पुन्हा डॉक्टरांचीच होती. आकडा घसरल्यामुळे त्यांना दुसरा मणी हवा होता.

"डॉक्टर," मिस्त्री म्हणाला, "मण्याआधी एक गंमत बघू. खिशात काय आहे तुमच्या?"

डॉक्टरांनी खिसे चाचपले. पेशंटांना फुकट वाटायचा एक प्लास्टिकचा दातांचा ब्रश निघाला. मिस्त्रीने जुना मणी काढून त्यांच्या हातात दिला, टर्मिनल सोडवलं, ब्रश त्याला सुतळीने बांधला, टर्मिनल घट्ट केलं आणि म्हणाला, "मारा चक्कर."

डॉक्टरांनी चक्कर मारली. खिडकीतून डोकं बाहेर आलं, पण यावेळी आवाज बारीक होता.

"नव्व्याण्णव पूर्णांक नऊ."

मग मागून एका बाईंनी विचारलं, "ब्रश कुठल्या कंपनीचा आहे हो?"

"कुठलाही चालेल, काकू!" मिस्त्री कळवळून म्हणाला. "काही न बांधताही चालेल!"

बाबा तसूभरही ढळले नाहीत. ते खुर्चीतून उठले, मिस्त्रीपाशी आले आणि त्याचा हात हातात घेऊन गर्दीला म्हणाले, "बघितलंत? वर्षभर मणी बांधता बांधता सिद्धी या हातात उतरली! आता याला मण्याचीही गरज उरली नाही!"

गर्दीतून पुन्हा "आहाहा!" उठलं. कोणीतरी मिस्त्रीच्या पाया पडायला वाकलंसुद्धा. आणि खरं सांगायचं तर त्या एका क्षणी, इतकं सगळं होऊनही, मिस्त्रीच्या छातीत काहीतरी गोड हललं. त्याची त्यालाच किळस आली. त्याने हात हिसडून घेतला.

"डॉक्टर, हा पाना घ्या. तुम्ही काढा टर्मिनल."

"मी?" डॉक्टर दचकले. "माझ्या हाताला कसली सिद्धी? गेल्या आठवड्यात शेजारची दाढ काढलीय मी!"

इतका प्रामाणिक साक्षीदार दुसरा मिळाला नसता. लोक हसले आणि हसता हसता जरा जवळ सरकले. डॉक्टरांनी दोनदा पाना पाडला, एकदा बोट चेमटवलं, पण टर्मिनल काढलं आणि पुन्हा बसवलं. मणी नाही, ब्रश नाही. चक्कर मारली. नव्व्याण्णव पूर्णांक नऊ. मग मिस्त्रीने वर्षापूर्वी शिष्याला सांगितलं होतं तेच सगळ्यांना सांगितलं. जुनी आठवण पुसली, विजेवर चक्कर, पेट्रोल शून्य, शून्याने भागणार काय.

बाबांचा मऊ आवाज आता जरा चढला. "ठीक आहे! एका चक्करेचं तुझं खरं धरू. पण वसंतात दोन-दोन महिने पन्नास पडले या लोकांना! ते काय पान्याने पाडले?"

"त्याचं मी सांगते," असं म्हणत ताई पुढे आली.

प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवलेला, दुसऱ्या हातात दोन पातळ कागद. तिला वाट द्यायला गर्दी आपोआप बाजूला झाली. त्यातल्या निम्म्यांना तिने कधी ना कधी सुई टोचली होती.

"वॉर्डात पेशंटच्या तापाचा तक्ता ठेवतात, तसा मी गाडीचा ठेवते," ती म्हणाली. "पडद्यावर माझा भरवसा नाही. पेशंट स्वतःच सांगतो तो ताप आपण लिहितो का? मी पंपावर पेट्रोल भरताना लिटर आणि किलोमीटर बघते. निळी रेघ गाडीची. लाल रेघ दारातल्या थर्मामीटरची. हा कागद मण्याच्या वर्षाचा. हिवाळ्यात वीस, वसंतात एकोणपन्नास, पुन्हा हिवाळ्यात बावीस. मी गारठून बसले तेव्हा अठ्ठावीस. आणि हा त्याच्या आधीच्या वर्षाचा. तेव्हा मणी नव्हता आणि बाबाही नव्हते."

तिने दोन्ही कागद एकावर एक धरून डॉक्टरांच्या गाडीच्या काचेला टेकवले. पलीकडून ऊन येत होतं. लोक वाकून बघू लागले. दोन वर्षांच्या दोन निळ्या रेघा जवळजवळ एकच होऊन चढत होत्या आणि उतरत होत्या. दोन्ही लाल रेघांच्या मागोमाग.

"म्हणजे थंडी?" बेकरीवाला हळूच म्हणाला. "नुसती थंडीच?"

"थंडी आणि पथ्य," मिस्त्री म्हणाला. "हवा भरा, वायर लावलेली असतानाच गाडी गरम करा, पाय हलका ठेवा. ते सगळं खरं आहे. ते कोणत्याही मिस्त्रीला विचारा, फुकट सांगेल. पथ्य खरं, मणी खोटा. फक्त हीटरचं पथ्य अर्धं होतं. मी यांच्या शिष्याला सांगितलं होतं की काच गोठते, समोरचं दिसत नाही. ते अर्धं यांनी गाळलं. आणि यांनी गाळलं हे कळूनही मी गप्प बसलो. तुम्ही मला साहेब म्हणत होता, ते मला आवडत होतं. हे माझ्या ताईचं मनगट आहे ना, ते बाबांनी एकट्याने मोडलं नाही."

ज्या काकूंनी ब्रशची कंपनी विचारली होती, त्या ताईच्या प्लास्टरकडे बघत होत्या. मग डॉक्टरांनी मुठीतला मणी बाबांच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला. रिकाम्या, कारण बाबा एव्हाना शिष्यासह गाडीत बसले होते. गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा तिच्या काचा वर होत्या आणि आत हीटर चांगला घोंघावत होता. बेकरीवाल्याने तो कान देऊन ऐकला आणि मग जी शिवी हासडली, ती इथे लिहिण्यासारखी नाही. दुसऱ्याने, तिसऱ्याने मणी सोडवायला घेतले. काहींनी नाही सोडवले. ते "असू दे, वाईट काय आहे त्यात?" म्हणत घरी गेले, आणि असे काही नेहमीच असतात.

त्यांच्या पाठीकडे बघून मिस्त्री मोठ्याने म्हणाला, "मीही हेच म्हणालो होतो, नुकसान काय म्हणून! नुकसान नंतर कळतं हो. आधी एवढंच विचारा, कशावरून? मला विचारा, डॉक्टरांना विचारा, जो कोणी चमत्कार सांगेल त्याला विचारा. लिहून ठेवा, मागच्या वर्षाशी ताडून बघा. आणि ज्याला ठाऊक असेल त्याने गप्प बसू नये."

संध्याकाळी तो ताईला तिच्या गाडीतून घरी सोडायला निघाला. कठड्याला धडकलेला पुढचा भाग त्याने स्वतःच ठोकून सरळ केला होता. पुलाच्या वळणापाशी गारठा अजून होता. काचेच्या कडेला वाफ धरू लागली.

"ताई, मला माफ..."

"नाही केलं," ती मध्येच म्हणाली. "एवढ्यात होणारही नाही. आजोबांना इन्सुलिन सकाळी सातला असतं. सुई मी डाव्या हाताने देईन, पण गाडी तू चालवायचीस. प्लास्टर निघेपर्यंत रोज पावणेसातला दारात उभा राहायचंस. एक मिनिट उशीर नको." थोडं थांबून म्हणाली, "आणि हीटर लाव. मोठा लाव."

मिस्त्रीने बटण दाबलं. पेट्रोलचं इंजिन घरघरत जागं झालं, पडद्यावरचा आकडा एकेक पायरी उतरू लागला आणि काच खालपासून वरपर्यंत स्वच्छ होत गेली. समोर पूल दिसला, कठडा दिसला, कठड्याचा वाकलेला भागही स्पष्ट दिसला. मिस्त्रीने गाडी अगदी हळू वळवली.